कोरियाकडून काय घ्यावे, काय घेऊ नये



नगरहून पुण्याला जाताना वाटेत रांजणगावला एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना लागतो. आपल्यापैकी काहींच्या घरी तिचा फ्रीजही असेल. पण हा दक्षिण कोरिया देश पूर्वी कोणत्या अवस्थेत होता, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

१९४५ साली तेथील जपानी अंमल संपला, तेव्हा बहुसंख्य जनता निरक्षर होती. पुढे १९५० ते १९५३ या काळातील युद्धाने देश बेचिराख झाला. तरीही मुले तंबूत आणि उघड्या मैदानात बसून शिकली. शेतकऱ्यांनी गुरे विकून मुलांची फी भरली. म्हणूनच तेथे कॉलेजला 'गुरांच्या हाडांचा मनोरा' असे म्हणू लागले. दावणीचे जनावर विकणे म्हणजे काय, हे आपल्या दुष्काळी जिल्ह्याला निराळे सांगायला नको.

त्यांची राहणी आपल्याला परकी वाटणार नाही. चपला-बूट दाराशी काढूनच घरात यायचे. वडीलधाऱ्यांना वस्तू दोन्ही हातांनी द्यायची. मोठ्यांनी जेवायला सुरुवात केल्याशिवाय धाकट्यांनी घास घ्यायचा नाही. शाळेत आपला वर्ग मुले स्वतः झाडतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात. इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीवेळी विमानांची उड्डाणेही थांबवतात. साऱ्या आयुष्याचा निकाल जणू त्या एका दिवसावर! शाळा सुटली की मुले खाजगी क्लासला जातात. सोल शहरात तर रात्री दहानंतर क्लास बंद ठेवण्याचा नियम करावा लागला. हा खर्च आणि ही धावपळ पाहून तरुण जोडपी मूल होऊ देण्यासच कचरतात. २०२३ साली तेथील जननदर अवघा ०.७२ होता. मुली कॉलेजात जाण्यात मुलांच्या पुढे गेल्या. पण स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावत विकसित देशांत तेथेच सर्वाधिक आहे. पदवी मिळाली तरी समाजाची दृष्टी आपोआप बदलत नाही, हाच याचा अर्थ.

पालकहो, आपण त्यांची जिद्द घ्यावी, जीवघेणी स्पर्धा घेऊ नये. लग्नासाठी कर्ज काढतो, मग तालीमसाठी हात आखडता का? दहावीनंतर मुलीची शाळा थांबवू नका. ती शिकून कामाला लागली, तर तिच्या कामाचा मान राखा. आणि मुलाला टक्के कमी पडले, तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करू नका. विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही एक करा. उद्यापासून आपला वर्ग आपल्या हाताने झाडा. इल्मची सुरुवात तेथूनही होते.