परग्रहस्थांची भाषा आणि नाणेघाटचा शिलालेख



परग्रहावरील जीवांच्या भाषेसारख्या विषयाने पुण्यामुंबईची सभागृहे सोडून नारायणगावच्या मांडवात का यावे, असा जो प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी खर्चाच्या मंजुरीच्या वेळी उपस्थित केला होता, त्याचे उत्तर देणे स्वागताध्यक्ष या नात्याने मला प्राप्त आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या प्रतिभेतून आणि चिकाटीतून येथून जवळच खोडदला, आणि तेथून तीन दिशांना फाकलेल्या ओळींत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. आणि १९५९ साली कोक्कोनी आणि मॉरिसन या शास्त्रज्ञद्वयाने परक्या बुद्धिमंतांची हाक हायड्रोजनच्या ज्या १४२० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर ऐकावी असे सुचविले, तीही या दुर्बिणींच्या टप्प्यात येते. त्यांचे नित्याचे काम निराळे आहे, हे मी जाणतो. परंतु दाराशी इतके थोर कान असताना कोण काय बोलेल याचा विचार करण्यास हरकत नसावी.

भाषा म्हटली की आपण हवा, कंठ आणि कान गृहीतच धरतो. मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीच्या ध्वनिग्राहकांवरून असे निष्पन्न झाले आहे की, तेथील विरळ हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे २४० मीटर वेगाने जातो आणि त्यातही उंच स्वर खर्जाच्या स्वरांपेक्षा सेकंदाला सुमारे १० मीटर अधिक वेगाने धावतात. म्हणजे तेथे कोणी लांबून हाक मारलीच, तर तिचा बराचसा भाग वाटेतच विरेल आणि उरलेला विस्कटून पोहोचेल. अशा ठिकाणी वाणीवर विसंबणारी जात निपजेलच कशी? दूर कशाला, आपल्याच समुद्रात माकूल नावाचा प्राणी अंगावरील रंग पालटून संकेत करतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील त्याच्या एका जातीचा नर, मादीच्या बाजूला प्रणयाचे रंग दाखवीत असतानाच, दुसऱ्या बाजूच्या प्रतिस्पर्ध्याला आपणही मादीच असल्याचा भास करून देतो. याला भाषा म्हणण्यास भाषापंडित राजी होणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या जीवांचे सर्व बोलणे त्वचेवर एकसमयावच्छेदेकरून उमटते, त्यांच्या व्याकरणात आधीचे पद आणि नंतरचे पद हा भेद तरी कोठून असणार?

या अडचणीतून सुटण्यासाठी विद्वानांनी गणिताचा आश्रय घेतला. हान्स फ्रॉइडेंथाल या डच गणितज्ञाने १९६० साली ‘लिंकोस’ नावाची भाषा रचून अंकांपासून आरंभ करीत थेट आचरणापर्यंत पोहोचण्याचा घाट घातला. १९७४ साली आरेसिबोहून जो संदेश गेला त्याची चिन्हे १६७९, कारण ती संख्या २३ आणि ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार असल्याने ती चौकटीत मांडण्याची युक्ती वाचणाऱ्यास सुचावी. आणि त्याच्या प्रारंभी १ ते १० हे अंक. तो ज्या तारकागुच्छाकडे धाडला तो सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर असल्याने उत्तरास ५०,००० वर्षे लागतील, पण सरकारी टपालाची सवय असलेल्या आम्हां खेडुतांना त्याचे विशेष वाटत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे, आणि तो आमच्या तालुक्याच्या पश्चिम टोकाला दगडावर कोरलेला आहे. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहून मंडळी नाणेघाटाहून परत फिरतात. परंतु तेथल्या लेण्याच्या भिंतींवर नागनिका राणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला जो सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे, त्यात भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हे आहेत, आणि ती मोजतात काय, तर यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण! ही लिपी वाचणारा शतकानुशतके कोणी नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या स्तूपावरील त्रोटक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुनःपुन्हा येतात हे हेरले, भाविकांनी येथे काही अर्पण केले असावे असा तर्क बांधला, आणि ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली. म्हणजे कुलूप उघडले ते देवस्थानाला दान देण्याच्या रिवाजाची ओळख असल्यामुळे, आणि त्या लेखांच्या प्राकृताचे आप्त, संस्कृत व पाली, हयात असल्यामुळे. परग्रहस्थ नाणेघाटात आला, तर गाईंची संख्या तो कदाचित निश्चित करील, पण माणसाने आपली गाय दुसऱ्याला देऊन टाकावी आणि वर ते दगडात कोरून ठेवावे, हा व्यवहार त्याला कोणत्या समीकरणाने समजावून द्यावा? आणि त्याचा संदेश आपल्या हाती आला, तर त्याच्या अंकांपलीकडे आपण तरी कसे जावे?

दुपारच्या सत्रात गणितज्ञांच्या बरोबरीने शिलालेखांचे अभ्यासक व्यासपीठावर असावेत असा आग्रह स्वागतसमितीने धरला तो एवढ्याचसाठी. त्यांच्यात कडाक्याचा वाद व्हावा, अशी आमची उघड इच्छा आहे. निवासाच्या व्यवस्थेत काही उणे आढळल्यास ते मांडवाच्या डाव्या हाताला बसलेल्या कार्यवाहांच्या कानी घालावे. मी अध्यक्षमहाराजांना कामकाजास प्रारंभ करण्याची विनंती करतो.