शिवनेरीचा पाळणा



शिवजयंतीचा उत्सव एकच. पण एकाच माणसाच्या आयुष्यात त्याचा अर्थ अनेकदा बदलतो. शिवनेरीच्या छायेत वसलेल्या जुन्नर-आंबेगावातील कोणत्याही घरात डोकावले, तर हे सहज ध्यानी येते.

बालपणी हा उत्सव म्हणजे वडिलांचे बोट धरून केलेली चढण. गडाचे सात दरवाजे मोजायचे, शिवाईपुढे हात जोडायचे, गंगा-जमुना टाक्यांचे गार पाणी पाहायचे आणि जन्मस्थानातील पाळण्यापुढे थबकायचे. एवढा मोठा राजा कधीकाळी एवढ्याशा पाळण्यात मावत होता, हेच त्या वयाचे नवल!

विशीत पाळणा मागे पडतो आणि हाती मशाल येते. गडावर शिवज्योत पेटवून तरुण रात्रभर धावत ती आपल्या गावी नेतात. पाय सोलवटतात, पण ज्योत विझू द्यायची नाही ही जिद्द असते. वादही याच वयाचे. राज्य शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी हा दिवस ठरविला. परंपरेने चालणारे फाल्गुन वद्य तृतीयेचा आग्रह धरतात. तरुण मंडळी तावातावाने भांडतात. घरातील आजी मात्र दोन्ही दिवशी निरांजन लावून मोकळी होते.

खरी कसोटी लागते ती पुढे, गृहस्थाश्रमात. या भागातील असंख्य कुटुंबे पोटासाठी मुंबईला गेली. मुंबईच्या डबेवाल्यांत जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. हप्ते, शाळेची फी, लोकलची धावपळ यांत शिवजयंती दिनदर्शिकेवरील लाल आकडा होऊन बसते. उशिरापर्यंत झोपण्याचा एक दिवस. उत्सवाला विरोध कोणाचाच नसतो. सवड कोणालाच नसते, इतकेच. आणि ज्योत विझते ती अशीच, कोणाच्या लक्षातही न येता.

अशाच एखाद्या सकाळी लहानगी विचारते, “बाबा, आपण गावाला राहतच नाही, मग गड आपला कसा?”

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. शिवराय जन्मले १६३० साली. आदल्याच वर्षी जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव निजामशाही दरबारात मारले गेले होते. पती मोहिमांवर, मुलूख अस्थिर, आणि १६३० पासून दख्खनवर भीषण दुष्काळ. पुढे शिवनेरी मोगलांकडे गेला. तो परत घेण्याचे महाराजांचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. गड मराठ्यांकडे आला तो अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या काळात. ज्यांनी एवढे गड जिंकले, त्यांच्या हयातीत त्यांचे जन्मस्थान स्वराज्यात आले नाही! तरीही शिवनेरी त्यांच्यापासून कोणी हिरावू शकले नाही. जिजाऊंनी बाळाला दिले ते दगडी तटांत मावणारे नव्हते, म्हणून तट गेले तरी ते गेले नाही.

आंबेगाव तालुक्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. घोड नदीवरील डिंभे धरणात मूळ आंबेगावच बुडाले. ज्या अंगणात पाळणे हलले, ती अंगणे आज पाण्याखाली आहेत. त्या जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनूंचे. याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा तरुण मुंबईत गिरणी कामगार झाला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या ट्रकपुढे त्याने प्राण दिले. गाव सुटले होते; संस्कार सुटला नव्हता.

उतारवयात गुडघे गडाला नकार देतात. आजोबा पायथ्याशी बसतात आणि नातवंडे वर जातात. तेव्हा मशालीपेक्षा पुन्हा पाळणाच जवळचा वाटू लागतो. मात्र आता दृष्टी पाळण्यातील बाळाची नसते, पाळण्याची दोरी धरणाऱ्या हाताची असते. जिजाऊंनी ६ जून १६७४ चा राज्याभिषेक पाहिला आणि अवघ्या काही दिवसांनी पाचाडला देह ठेवला. चव्वेचाळीस वर्षे धरलेली दोरी त्यांनी कार्य पूर्ण झाल्यावरच सोडली. ही जयंती जितकी पुत्राची, तितकीच मातेची, हे कळायला बहुधा केस पिकावे लागतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत शिवनेरी आहे. तटबंदीची काळजी आता जग वाहील. पण पाळण्याची काळजी जगाने वाहायची नसते, ती घरानेच वाहायची असते. म्हणून येत्या जयंतीला प्रत्येक घराने एवढे तरी करावे : सायंकाळी दूरदर्शन संच बंद ठेवून सर्वांनी एकत्र बसावे, वडीलधाऱ्यांनी गडाची आणि गावाची एक गोष्ट सांगावी, आणि लहानग्यांचे प्रश्न संपेपर्यंत कोणी उठू नये. वर्षातून एकदा मुलांना गडावर न्यावे. सात दरवाजे मात्र त्यांनाच मोजू द्यावेत.