कपाटातील पुस्तक मांडीवर यावे

(सुवर्णमहोत्सवानिमित्त शिरूर व दौंड येथील पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव करणाऱ्या या समारंभात विश्वस्तांनी मला ‘घरातील लहान मुले आणि सचित्र पुस्तके’ या विषयावर बोलण्यास सांगितले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एवढ्या मोठ्या प्रसंगी हा विषय कोणाला लहान वाटेल. परंतु या ट्रस्टचा शतकमहोत्सव ज्यांच्या हातून साजरा व्हायचा आहे, ती पिढी आज आपल्या मांडीवर बसलेली आहे. तिच्या हाती आपण काय देतो, हा प्रश्न म्हणूनच लहान नाही.

प्रथम सचित्र पुस्तक म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रत्येक घरात अंकलिपी असते. एक अक्षर आणि त्याच्या शेजारी एक चित्र. महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी अननस प्रथम पाहिला तो अंकलिपीत, बाजारात नव्हे! अंकलिपीचे उपकार मोठेच आहेत. परंतु ती वस्तूचे नाव सांगून थांबते. सचित्र गोष्टीच्या पुस्तकात एका चित्रानंतर दुसरे चित्र येते आणि मधल्या जागेत ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर मूल स्वतः शोधू लागते, तेव्हा त्याचे वाचन सुरू झालेले असते, मग त्याला एकही अक्षर येत नसले तरी चालेल. मराठी शाळांत यासाठी ‘चित्रवाचन’ असा नेमका शब्द आहे.

युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रमय जगाचे पुस्तक काढले आणि बालकांच्या सचित्र पुस्तकांचा आरंभ तेथून मानतात. परंतु चित्र दाखवून कथा सांगण्याची रीत आपल्या मातीत फार पूर्वीपासून आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. चित्रांच्या सुट्या पानांचा संच, त्याला ते पोथीच म्हणतात. एक एक पान श्रोत्यांसमोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीने त्या प्रसंगाची कथा गायची. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या ज्ञानभांडारांतही कल्पसूत्राची सचित्र हस्तलिखिते शतकानुशतके जपली गेली. पर्युषण पर्वात कल्पसूत्राच्या वाचनाच्या वेळी त्यातील चित्रे श्रावकांना दाखविण्याची परंपरा मूर्तिपूजक संघांत आहे. ज्याला प्राकृत कळत नाही त्यालाही त्रिशलामातेची चौदा स्वप्ने चित्रातून कळतात. म्हणजे चित्र दाखवावे, कथा सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती डोळ्यांनी वाचावी, हा वारसा आपलाच आहे.

मग अडते कोठे? मला वाटते, अडते ते आपल्या आदरापाशी. ज्ञानाची आशातना होऊ नये हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून आहे. पुस्तकाला पाय लावू नये, ते जमिनीवर ठेवू नये, खाताना हाताळू नये. ज्ञानपंचमीला आपण ग्रंथांचे पूजन करतो. हा संस्कार थोर आहे आणि तो टिकलाच पाहिजे. परंतु त्याचा एक परिणाम असा होतो की वर्षा-दीड वर्षाच्या मुलाने पुस्तकाकडे हात पुढे केला की आपण म्हणतो, “नको, फाडशील!” आणि पुस्तक कपाटात वर जाते. तो हात मग रिकामा राहत नाही. त्यात मोबाइल येतो. मोबाइल फाटत नाही एवढेच त्याचे पुण्य!

आपण व्यापारी माणसे आहोत, म्हणून व्यवहारातले उदाहरण देते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. पण रोजकीर्द केवळ पूजेपुरतीच उघडली तर दुकानाचा हिशेब लागेल काय? वहीचा खरा मान ती रोज उघडण्यात आहे. पुस्तकाचेही तसेच आहे. धर्मग्रंथ आपल्या जागी, आपल्या मर्यादेत राहू द्यावेत. मुलाचे चित्रांचे पुस्तक मात्र त्याच्या हाताला पोहोचेल अशा खालच्या फळीवर असावे. लहान मूल पुस्तक तोंडात घालणार, उलटे धरणार, एखादे पान फाडणारही. अगदी लहानांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तके मिळतात, ती द्यावीत. पान फाटले तर रागावण्याऐवजी मुलाला शेजारी बसवून चिकटपट्टीने ते जोडावे. जोडलेल्या पानावरून हात फिरवताना मूल पुस्तक जपायला शिकते. आदर हा सहवासातून येतो. दुरून येते ती केवळ भीती.

आता पुस्तक मांडीवर आले असे समजू. पुढे काय करावे? बहुतेक पालक मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवतात आणि मूल मध्ये बोलले की त्याला गप्प करतात. खरे तर मूल मध्ये बोलते तेथेच काम सुरू होते. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे दोन-तीन वर्षांच्या मुलांचे पालक त्यांनी निवडले. दोन्ही गटांतील पालक मुलांना चित्रांची पुस्तके दाखवत होते. फरक एवढाच, की एका गटाला पद्धत शिकविली होती: केवळ ‘हो-नाही’ उत्तराचे प्रश्न नकोत, ‘हे काय करतो आहे?’ असे विचारावे. मूल जे बोलेल त्यात भर घालावी. मुलाला बोलू द्यावे. अवघ्या एका महिन्यात त्या गटातील मुले शब्दांत व्यक्त होण्याच्या चाचण्यांत दुसऱ्या गटापेक्षा सहा ते साडेआठ महिने पुढे गेलेली दिसली. गट लहान होता, परंतु त्यातून मिळालेला धडा मोठा आहे. पुस्तक तेच, वेळ तोच. बदलली ती वडिलधाऱ्यांची ऐकण्याची तयारी.

घरी हे कसे करावे? मूल म्हणाले, “भू भू!” आपण म्हणावे, “हो, काळा कुत्रा. तो कोठे पळतो आहे बरे?” आणि थांबावे. मनातल्या मनात पाच अंक मोजावेत. लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण नेमके तेवढ्यातच उत्तर देऊन टाकतो. वर्षाच्या आतील मुलासाठी एक-दोन चित्रे आणि आपला आवाज पुरेसा आहे. वर्ष-दोन वर्षांचे मूल बोट दाखवील, त्याला नाव द्यावे. तीन वर्षांच्या पुढे ‘पुढे काय होईल?’, ‘ही मुलगी का रुसली असेल?’ असे विचारावे. मुलाने तेच पुस्तक दहा वेळा मागितले तर दहा वेळा द्यावे. प्रत्येक वेळी त्याला नवे काही सापडत असते.

आणखी एक विनंती. गोष्ट संपताच ‘यावरून काय बोध मिळतो?’ असे विचारू नये. पाठशाळेत लेश्यांचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. जांभळाचे झाड आणि भुकेलेले सहा पुरुष. एक झाड मुळापासून तोडू पाहतो आणि शेवटचा खाली पडलेली फळे वेचतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला या चित्रासमोर बसवून फक्त एवढेच विचारावे, “तू तेथे असतास तर जांभळे कशी घेतली असतीस?” मूल झाडाकडे पाहील, कुऱ्हाडीकडे पाहील आणि विचार करून उत्तर देईल. ते उत्तर त्याचे स्वतःचे असेल. आपण सांगितलेले तात्पर्य मूल विसरते. स्वतः शोधलेले विसरत नाही.

आता भाषेविषयी बोलते, कारण माझ्या मते आपल्या समाजापुढील खरा प्रश्न तेथे आहे. शिरूर आणि दौंडमधील आपल्या अनेक घरांत दादी मारवाडी बोलतात, काही घरांत गुजराती बोलली जाते, दुकानात आणि गल्लीत मराठी चालते आणि मुले जातात इंग्रजी शाळेत. परिणाम असा की नातवाच्या अभ्यासात दादीला स्थान उरत नाही. “मला ते इंग्रजी वाचता येत नाही,” असे म्हणून त्या बाजूला होतात आणि घरातील सर्वांत अधिक गोष्टी ज्यांना ठाऊक, त्यांचाच आवाज नातवंडांच्या कानांवरून जातो. चित्रांचे पुस्तक दादीला तिची जागा परत देते. चित्रातील मांजराला ती मिनकी म्हणेल, शेजारच्या गुजराती घरात तीच बिलाडी होईल, अंगणात ती मांजर असेल. चित्र कोणत्याच भाषेचे नसते, म्हणून ते सर्व भाषांचे होते. दादीला अक्षरे येत नसली तरी बिघडत नाही. बिनशब्दांची, केवळ चित्रांची पुस्तकेही मिळतात. घरातील बोली मुलाच्या जिभेवर राहावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी याहून सोपा उपाय मला तरी ठाऊक नाही.

काही माता विचारतात, “मोबाइलवरही गोष्टी असतात, त्या दाखविल्या तर काय बिघडले?” जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाच्या मुलांसाठीही पडद्यासमोर बसणे योग्य नाही आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा, मूल बसलेले असताना वडीलधाऱ्यांनी त्याच्यासोबत वाचन करावे, गोष्टी सांगाव्यात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला. कारण साधे आहे. पडद्यावरील गोष्ट मुलासाठी थांबत नाही. मुलाने बोट दाखविले तरी ती पुढे जाते. मांडीवरचे पुस्तक थांबते, मागे जाते आणि मुलाच्या प्रश्नाला मान देते.

चित्रात पाहिलेले जग आपल्या परिसराशी जोडता आले तर आनंद दुणावतो. पुस्तकात मोर दिसला तर शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली दूर नाही. नदी आणि पूल दिसला की शिरूरच्या मुलाला घोडनदी आठवावी, दौंडच्या मुलाला भीमा. आगगाडीचे चित्र उघडले की दौंड जंक्शनवरील इंजिनाची शिट्टी आठवणीत वाजू लागते! हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. आधी ते पुस्तकात दाखवावेत आणि मग एखाद्या रविवारी तेथे न्यावे. हरणाचे चित्र पाहणाऱ्याला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दाखविता येईल. सजीवांविषयी करुणा उपदेशाने जितकी रुजते, त्याहून अधिक अशा ओळखीने रुजते.

बालशिक्षणाचा विचार आपल्या भागाला परका नाही. आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या अनुताई वाघ यांचा जन्म १९१० मध्ये दौंडच्या शेजारील बारामती तालुक्यातील मोरगावचा. ताराबाई मोडक यांच्यासोबत त्यांनी बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम उभे केले. साधने महागडी हवीत असे त्यांनी कधी मानले नाही. परिसरातील वस्तूंतून त्यांनी ती घडविली. हाच विचार आपणही करावा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके मराठीत आहेत. पुण्याच्या लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत. आपल्यासारख्याच घरातील रोजचे प्रसंग त्यांत आहेत. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेनेही मराठीत पुष्कळ चित्रपुस्तके प्रसिद्ध केली आहेत.

शेवटी समाजापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवते. पहिली, प्रत्येक घरात रात्री पंधरा मिनिटे पुस्तकासाठी राखावीत. दुकान वाढवून घरी आलेल्या वडिलांनी आठवड्यातून दोन दिवस तरी हे काम स्वतः करावे. ते केवळ आईचे नाही. दुसरी, आपल्याकडे तपश्चर्येच्या, पारण्याच्या आणि प्रवचनाच्या निमित्ताने प्रभावना वाटली जाते. मुलांसाठीच्या प्रभावनेत कधी एक सचित्र पुस्तक द्यावे. स्टीलची वाटी घरात आधीच दहा असतात. तिसरी, ट्रस्टने दोन पेट्या तयार कराव्यात, एक शिरूरसाठी, एक दौंडसाठी. प्रत्येकीत पन्नास पुस्तके असावीत, घरोघरी ती फिरावीत आणि सहा महिन्यांनी दोन्ही गावांनी पेट्या बदलाव्यात. पेटीतील पुस्तके फाटलेली, चिकटवलेली परत आली तर कार्यकर्त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. जी पुस्तके अगदी कोरी परत येतील, त्यांची चिंता करावी.

 

जय जिनेंद्र!