फलकाचा वाद आणि लोकांचा कौल
(पनवेल येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या पनवेलहून निघणारा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गोवा ओलांडून कारवारला पोचतो. या एकाच रस्त्यावर राजकीय दर्जाच्या प्रश्नाची दोन उत्तरे पाहावयास मिळतात. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हे १६ जानेवारी १९६७ रोजी तेथील मतदारांना विचारण्यात आले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. महाराष्ट्रात अनेकांना हा कौल रुचला नाही. पण तो मानला गेला आणि प्रश्न मिटला.

कारवार, बेळगाव, खानापूर, निपाणी येथील जनतेला मात्र असे कोणीही विचारले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यास जोडण्यात आला. तो दिवस कर्नाटकात राज्योत्सव म्हणून, तर सीमाभागातील मराठी जनतेत काळा दिवस म्हणून पाळला जातो. महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच ठेवावे, असे सुचविले. महाराष्ट्राने ते नाकारले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा अद्याप निकाली निघालेला नाही.

जेथे लोकांना विचारले जात नाही, तेथे भांडण फलकावर येते. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूर येथील ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक हटविण्यात आला आणि ग्रामस्थांवर लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून बेळगावचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले.

या नावाला आपण विरोध करावा काय? १९७३ साली म्हैसूर राज्याने कर्नाटक हे नाव घेतले, १९९५ साली ‘बॉम्बे’चे मुंबई झाले. स्वभाषेतील नावाचा जो हक्क आपण घेतला, तो कन्नड बांधवांना नाकारता येणार नाही. त्यांनी खुशाल बेळगावी म्हणावे. आपला आक्षेप आहे तो मराठी माणसाला त्याच्या भाषेत सरकारी कागद न देण्याला.

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चतुःसूत्री महाराष्ट्र मांडत आला आहे. ती प्रामाणिकपणे मांडावयाची तर अक्कलकोट व जत तालुक्यांतील कन्नड भाषकांनाही तीच लागू केली पाहिजे. २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधील गावांवर हक्क सांगितला, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. परंतु त्या गावांचे मूळ गाऱ्हाणे पाण्याचे होते. तहानलेल्या गावाला अस्मितेचे व्याख्यान देऊन भागत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात सीमेवर वाहनांवर दगड पडले. ती वाहने चालविणारा दोन्हीकडे कष्टकरीच होता. म्हणून ‘व्याप्त’सारखे युद्धाचे शब्द आपण वापरू नयेत. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर सीमेच्या दोन्ही बाजूंस मातृभाषेची शाळा आणि मातृभाषेतील कागद मिळालाच पाहिजे, ही मागणी मराठी व कन्नड कार्यकर्त्यांनी एकत्र लढविली पाहिजे. येळ्ळूरच्या शेतकऱ्यासाठी आपण जे मागतो, ते जतच्या शेतकऱ्यासाठीही मागू, तरच आपल्या शब्दाला वजन येईल.