मंदिरातील विवाह आणि त्याची नोंद

पंचवटीत गोदाकाठच्या मंदिरात हिंदू विवाह लावण्यासाठी त्या वास्तूची विवाहस्थळ म्हणून सरकारी नोंद असावी लागत नाही. इंग्लंडमध्ये मात्र 1949 च्या कायद्यानुसार चर्च ऑफ इंग्लंडखेरीज बहुतेक पंथांच्या प्रार्थनास्थळांना तशी नोंद लागते. मंदिराचा न्यास 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असला, तरी त्या नोंदीचा संबंध मिळकतीशी व हिशेबाशी असतो.

भारतीय कायदा हिंदू विवाहात वास्तूपेक्षा विधी पाहतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 नुसार विवाह वधू किंवा वराकडील रूढीने लागतो, आणि त्या रूढीत सप्तपदी, म्हणजे अग्नीसमोर दोघांनी मिळून चालायची सात पावले, असेल, तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. विधी न करता केवळ प्रमाणपत्र घेतल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केले, आणि ते योग्यच आहे.

विधीनंतर 1998 च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्यानुसार 90 दिवसांच्या आत ज्ञापन, म्हणजे विवाहाचा तपशील देणारा विहित अर्ज, घेऊन पतिपत्नीने तीन साक्षीदारांसह विवाह निबंधकापुढे हजर व्हावयाचे असते. अर्जावर पुरोहिताचीही सही लागत असल्याने, परगावाहून पंचवटीत येणाऱ्या कुटुंबांनी ती मंडपातच घेणे हिताचे असते. नोंद करायची राहून गेल्याने विवाह अवैध ठरत नाही. पण पोटगी किंवा वारसाहक्काच्या दाव्यात पत्नीला तो सिद्ध करण्यासाठी नोंदणीचा हाच कागद उपयोगी पडतो.