मोतीबिंदूनंतरचे धुके

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यशस्वी होते, दृष्टी निवळते. आणि कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, पुन्हा धुके दाटू लागते. अक्षरे पुसट होतात, दिव्यांचा उजेड पसरून डोळे दिपतात. ‘मोतीबिंदू परत आला’ असे घरची माणसे म्हणतात, आणि म्हातारे माणूस नशिबाला बोल लावून स्वस्थ बसते. हा समज खोटा आहे. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही.

मग हे धुके कसले? डोळ्यातील नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. पूर्वी पिशवीसकट भिंग काढीत. मग जाड काचांच्या चष्म्यावाचून गत्यंतर नसे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी प्रथम कृत्रिम भिंग डोळ्यात बसविले. आता गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बहुधा त्याच पिशवीत ठेवतात. तिची मागची भिंत अतिशय पातळ असते. मागे राहिलेल्या पेशी वाढत वाढत या भिंतीवर पसरतात व ती अपारदर्शक करतात. लहान मुलांत तर हे फार लवकर घडते. म्हणून पुष्कळदा त्यांच्या शस्त्रक्रियेतच त्या भिंतीला छिद्र ठेवतात.

मोठ्यांसाठी उपाय सोपा आहे. याग लेसरच्या किरणांनी भिंतीच्या मधोमध लहानसे छिद्र पाडतात. सुरी लागत नाही, टाका लागत नाही. काही मिनिटांत काम होते. मात्र डोळ्यातील दाब वाढणे, क्वचित दृष्टिपटल सुटणे, हे धोके असतात. त्यानंतर डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखी वाटली, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा पडदा ओढल्यासारखा भास झाला, तर तत्काळ डॉक्टर गाठावा.

हैदराबादेत डॉ. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांनी १९८७ साली एक नेत्रसंस्था स्थापन केली. ‘आलमआरा’ या पहिल्या बोलपटात भूमिका केलेले निर्माते एल. व्ही. प्रसाद यांनी तिला बंजारा हिल्सवरील जमीन व एक कोटी रुपये दिले. तिला त्यांचेच नाव आहे. ऐपत नसलेल्यांवर तेथे विनामूल्य उपचार होतात. खेड्यापाड्यांत तिने दृष्टिकेंद्रे उघडली, हे विशेष महत्त्वाचे. कारण शस्त्रक्रिया एका दिवसात होते, परंतु हे धुके सावकाश येते. आणि दूरच्या गावचा रुग्ण पुन्हा तपासणीस आलाच नाही, तर बरा होणारा अंधारही त्याच्या नशिबी कायमचा राहतो.