चारशे मीटरचे स्वावलंबन
(नागपूर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेले व्याख्यान)



“बाबा, तुम्ही बसा, आम्ही आणून देतो.” आपल्या घरोघरी मातृपितृसेवा याच वाक्याने सुरू होते. भाव निर्मळ, परिणाम मात्र घातक. न वापरलेले स्नायू उतारवयात झपाट्याने झिजतात, तोल ढळतो आणि एखाद्या पडण्याने माणूस अंथरुणाला खिळतो.

अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या, बैठे जीवन जगणाऱ्या १,६३५ व्यक्तींवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चालणे, पायांचे बळ व तोल यांचे व्यायाम दिले. दुसऱ्याला आरोग्यविषयक व्याख्याने. सरासरी २.६ वर्षांत चारशे मीटर चालण्याची क्षमता गमावणारे पहिल्या गटात ३०.१ टक्के, तर दुसऱ्यात ३५.५ टक्के निघाले.

आपल्या नागपुरात हा संस्कार नवा नाही. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने तो कधीच रुजविला आहे. झेपेल तेवढे, वैद्यांच्या सल्ल्याने, परंतु नित्य करावे. वैशाखात ऊन चढण्यापूर्वी बाहेर पडावे. मुला-सुनांनी आई-वडिलांना खुर्ची देण्याऐवजी सोबत द्यावी. वृद्धांचे स्वावलंबन जपणे हीच खरी सेवा.

केवळ व्याख्याने ऐकणाऱ्यांचे काय झाले, हे आपण आताच ऐकले. म्हणून मी थांबतो. आपण चालू लागावे.